दहाचा चौरस : टीवायच्या प्रकल्पाच्या नोंदी

८ जुलै २०२४
टीवायच्या दोघी आज प्रकल्पाचा विषय मागायला आल्या. वहीत त्यांना क. आणि म. असंच लिहिणार आहे. मी विषय सांगितला नाही, पत्त्यांचा कॅट काढला. एक्के, राजे, राण्या आणि गुलाम अशी सोळा पानं बाजूला केली आणि म्हटलं, चार ओळी, चार स्तंभ मांडा. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात चारही दर्जे यायला हवेत आणि चारही रंग यायला हवेत. म. ने अर्ध्या तासात मांडलं. क. ने तिची मांडणी मोडली आणि स्वतःची वेगळी केली. मग तिनेच विचारलं, "मॅडम, पाच बाय पाचचं होतं का? सहाचं?"

पाचचं फळ्यावर करून दाखवलं. ओळ आणि स्तंभ ०पासून मोजायचे. ओळ अ, स्तंभ ब या घरात पहिला अंक अ+ब, दुसरा अंक अ+२ब, दोन्ही पाचने भागून उरलेली बाकी. पंचवीस घरांत पंचवीस वेगळ्या जोड्या येतात. हाताने तपासायला पाच मिनिटं लागतात. सहाचं घरून करून आणा म्हणून सांगितलं.

१९ जुलै
दोघींनी सहावर अकरा दिवस घालवले. म. च्या वहीची चौदा पानं भरली आहेत. "चौतीस जोड्यांपर्यंत येतं मॅडम, पुढे अडतं," असं ती म्हणाली. होत नाही हे मी आधी सांगितलं नव्हतं, त्याचं मला वाईट वाटत नाही. ती चौदा पानं नसती तर पुढचं सगळं तिला ऐकीव वाटलं असतं.

आज अठराव्या शतकातला गणिती ऑयलर सांगितला. सहा पलटणी, प्रत्येक पलटणीत सहा हुद्द्यांचे सहा अधिकारी, एकूण छत्तीस. त्यांना सहा बाय सहामध्ये असं उभं करायचं की प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक पलटण एकदा, प्रत्येक हुद्दा एकदा. १७७९ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत त्याने हे मांडलं, १७८२ मध्ये ते छापून आलं. त्या वेळी त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. विषम संख्यांसाठी आणि चारने भाग जाणाऱ्या संख्यांसाठी त्याला अशा दोन चौरसांच्या जोड्या करता येत होत्या. राहिल्या २, ६, १०, १४, १८... म्हणजे चारने भागल्यावर बाकी २ उरते त्या. या कुणालाच जोडी नाही असा त्याचा अंदाज होता. सहाची खात्री १९००च्या सुमारास गास्ताँ तारी याने केली. अल्जीरियात सरकारी नोकरी करणारा हा माणूस. ज्याच्या प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक अंक एकदाच येतो तो लॅटिन चौरस. पहिली ओळ आणि पहिला स्तंभ क्रमाने ठेवले तर सहाचे ९४०८ लॅटिन चौरस होतात. त्यांचे गट पाडून त्याने हाताने एकेक तपासला.

म. ने आपली वही मिटली आणि म्हणाली, "म्हणजे मी बरोबर होते." बरोबर होतीच.

प्रकल्प ठरला: दहाचा चौरस.

२ ऑगस्ट
आधी शब्द ठरवले. लॅटिन चौरस हा शब्द तसाच ठेवला. 'ट्रान्सव्हर्सल'ला दोघी 'माळ' म्हणतात, मीही तेच लिहिते. माळ म्हणजे प्रत्येक ओळीतून एक घर, प्रत्येक स्तंभातून एक, आणि निवडलेल्या घरांत प्रत्येक अंक एकदाच. ज्या चौरसाची सगळी घरं एकमेकींना न शिवणाऱ्या दहा माळांत वाटता येतात, त्यालाच ऑर्थोगोनल जोडीदार असतो, म्हणजे असा दुसरा चौरस की दोन्ही एकमेकांवर ठेवले तर अंकांची प्रत्येक जोडी एकदाच येते. पहिल्या माळेच्या घरांत ० लिहायचा, दुसरीच्या घरांत १, असं करत गेलं की जोडीदार तयार. हे वाक्य क. ने ऐकताक्षणी उचललं. म. ला पत्ते परत मांडावे लागले, पण मग तिने दाखवून दिलं की पत्त्यांच्या चौरसात सगळे इस्पिक मिळून एक माळ होते.

माळा मोजणारा पायथनचा प्रोग्रॅम आज पाचच्या चौरसावर चालवला. उत्तर आलं १२०. क. स्क्रीनकडे बघत म्हणाली, "हे तर पाच फॅक्टोरियल आहे." म्हणजे ओळी आणि स्तंभांची अट लागत होती, अंकाची लागतच नव्हती. तपासणीची ओळ इंडेंट चुकून लूपच्या बाहेर गेली होती. उत्तराकडे बघून चूक कुठे आहे ते ओळखता येणं हे मी वर्गात शिकवू शकत नाही. आज ते आपोआप झालं.

९ ऑगस्ट
आता आकडे जुळतात. अ+ब ही साधी बेरजेची रीत घेतली तर तीनच्या चौरसात ३ माळा, पाचच्यात १५, सातच्यात १३३, नऊच्यात २०२५. हे आकडे प्रसिद्ध आहेत, म्हणून प्रोग्रॅमवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मग त्याच रीतीचा दहाचा चौरस घातला. उत्तर शून्य. दोघींना वाटलं परत चूक झाली. प्रोग्रॅम पुन्हा वाचला, पुन्हा चालवला, शून्यच. तेव्हा खडू त्यांच्या हातात दिला. माळेतल्या दहा घरांच्या ओळींची बेरीज ०+१+...+९ = ४५. स्तंभांची बेरीज तीच, ४५. म्हणून अंकांची बेरीज ९० व्हायला हवी, दहाने भागून बाकी ०. पण माळेत दहाही अंक एकेकदा येतात, त्यांची बेरीज ४५, बाकी ५. शून्य आणि पाच एक कसे होतील? एकही माळ नाही, मग जोडीदार कुठला. कोणत्याही सम संख्येला हेच लागू पडतं, आणि हे ऑयलरलाही माहीत होतं. त्याचा अंदाज का पटण्यासारखा होता ते दोघींना आज कळलं असं वाटतं. सगळ्यात सरळ चौरसच दगा देतो.

२५ ऑगस्ट, रविवार
पाऊस उघडला म्हणून पाटणादेवीला गेलो. चाळीसगावपासून फार लांब नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख याच पाटणचा. लीलावती ११५० ची. तिच्या शेवटच्या अंकपाश प्रकरणात प्रश्न आहे: शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं अदलाबदल करून किती प्रकारे देता येतील? उत्तर ३६,२८,८००.

क. पायरीवर बसून डबा खाता खाता म्हणाली, दहाच्या चौरसात माळ शोधताना आपला प्रोग्रॅम सगळ्यात वाईट वेळी इतक्याच निवडी तपासेल. अगदी खरं. प्रत्येक ओळीतून एक घर, स्तंभ परत नको, म्हणजे ३६,२८,८०० निवडी. शंकराचा एकेक हात ही एकेक ओळ आणि एकेक आयुध हा एकेक स्तंभ. अंकाची अट त्यावर वेगळी.

१३ सप्टेंबर
गणपतीची सुट्टी असून दोघी आल्या. आज मूळ गोष्ट: १९५९.

त्या वर्षी राजचंद्र बोस आणि शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांनी २२च्या चौरसाला जोडीदार करून दाखवला. दोघे तेव्हा अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपेल हिलला होते. लगेच अर्नेस्ट पार्करने दहाची जोडी दिली, आणि तिघांनी मिळून सिद्ध केलं की २ आणि ६ सोडले तर ऑयलरने नाकारलेल्या प्रत्येक संख्येला जोडी आहे. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत हे जाहीर झालं आणि २६ एप्रिलच्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली. पावणेदोनशे वर्षांचा अंदाज २ आणि ६ सोडून बाकी सगळीकडे चुकला होता.

दहाची जोडी मी पूर्ण दिली नाही, फक्त पहिली ओळ दिली:

०० ४७ १८ ७६ २९ ९३ ८५ ३४ ६१ ५२

प्रत्येक घरातला पहिला अंक एका चौरसाचा, दुसरा दुसऱ्याचा. आणि नियम दिला: पहिल्या सात स्तंभांत तिरपं खाली उतरायचं, म्हणजे एक ओळ खाली आणि एक स्तंभ उजवीकडे. सातव्या स्तंभानंतर परत पहिला. उतरताना ० ते ६ मधल्या अंकांत १ मिळवायचा, ६ चा परत ० होतो. ७, ८, ९ जागचे हलत नाहीत. शेवटच्या तीन स्तंभांत तिरपं जायचं नाही, सरळ खाली यायचं, अंक मात्र तसेच वाढवायचे.

दुसरी ओळ दोघींनी वेगवेगळी काढली आणि जुळवून पाहिली:

८६ ११ ५७ २८ ७० ३९ ९४ ४५ ०२ ६३

७६ चा ७० झाला तिथे म. अडली होती. ७ तसाच राहतो, ६ चा ० होतो. ८५ सातव्या स्तंभातून वळून पहिल्यात आला आणि ८६ झाला. पाच वाजेपर्यंत सात ओळी पुऱ्या झाल्या. खालच्या तीन ओळींची सुरुवात १४, २१ आणि ४२, त्या उजवीकडे एकेक वाढत सात घरं जातात: १४ २५ ३६ ४० ५१ ६२ ०३. उजव्या खालच्या कोपऱ्यात तीन बाय तीनचा तुकडा: ७७ ८८ ९९, ८९ ९७ ७८, ९८ ७९ ८७.

शंभर घरं. म. ने ०० पासून ९९ पर्यंतच्या जोड्यांवर पेन्सिलने एकेक खूण केली. एकही सुटली नाही, एकही दोनदा आली नाही. खुणा पुऱ्या झाल्यावर दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

१४ सप्टेंबर
क. रात्रभर एकाच गोष्टीवर विचार करून आली: "जुळतं हे दिसलं. पण का जुळतं?" याच प्रश्नाची मी वाट बघत होते.

दोन्ही अंक ० ते ६ मधले आहेत अशा सुरुवातीच्या जोड्या घ्या: पहिल्या ओळीत ००, ३४, ६१, ५२, आणि खालच्या ओळींच्या सुरुवातीला १४, २१, ४२. सात जोड्या. दुसऱ्यातून पहिला वजा करा, सातच्या हिशोबाने. ०० चा फरक ०. ३४ चा १. ६१ चा उणे ५, म्हणजे २. १४ चा ३. ५२ चा उणे ३, म्हणजे ४. ४२ चा उणे २, म्हणजे ५. २१ चा उणे १, म्हणजे ६. शून्यापासून सहापर्यंत प्रत्येक फरक नेमका एकदा! दोन्ही अंक एकेकाने वाढवले तर फरक बदलत नाही. म्हणून प्रत्येक जोडी आपल्या फरकाच्या सातही जोड्या फिरून येते आणि दुसरीच्या वाटेला जात नाही. ४९ जोड्या झाल्या. एक अंक ७, ८ किंवा ९ असलेल्या पहिल्या ओळीतल्या सहा जोड्या सात-सात वेळा फिरतात, त्या ४२. कोपऱ्यातल्या ९. बेरीज शंभर.

या हिशोबाला कॉम्प्युटर लागत नाही. पहिल्या ओळीतल्या दहा जोड्या, खालच्या तीन आणि नऊ घरांचा कोपरा. बाकी सगळं काम सममिती करते. क. ने हे फळ्यावर मांडलं तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते. एकवीस वर्षं शिकवतेय, इतक्या स्वच्छ मांडलेल्या सिद्धता थोड्या पाहिल्या आहेत.

१९ ऑक्टोबर
श्रीखंडे यांचा आज जन्मदिवस. १९१७, सागर. शिक्षण नागपूरच्या सायन्स कॉलेजात, पीएच.डी. १९५० मध्ये चॅपेल हिलला बोस यांच्याकडे. १९६३ पासून मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख. २०२० च्या एप्रिलमध्ये गेले, वय १०२. दोघींना त्यांचं नावही माहीत नव्हतं. पाठ्यपुस्तकात कुठेच नसल्यावर असणार कसं, आणि याची मला मनापासून खंत आहे. इथल्या महाविद्यालयात शिकलेल्या माणसाने ऑयलरचा अंदाज मोडला, हे इथल्या मुलींना बारावीत कळायला हवं.

आज २२ ची गोष्ट केली, कारण ती पार्करच्या दहापेक्षा वेगळ्या जातीची आहे. १८५० चं कर्कमनचं कोडं: पंधरा मुली सात दिवस तिघी-तिघींच्या रांगांनी फिरायला जातात, कोणत्याही दोघी सात दिवसांत नेमक्या एकदाच एका रांगेत येतात. अशी मांडणी आहे. दिवसाला पाच रांगा, एकूण ३५. आता सात नवीन मुली घ्या, दिवसाला एक, आणि त्या दिवसाच्या पाचही रांगांत तिला घाला. रांगा झाल्या चौघींच्या. सात नव्या मुलींची मिळून आणखी एक सातची रांग. एकूण मुली २२. जोड्या मोजा: चौघींत ६ जोड्या, ३५ रांगा, २१०. सातच्या रांगेत २१. बेरीज २३१, आणि २२ मधून दोन निवडायचे प्रकारही २३१. म्हणजे कोणत्याही दोघी नेमक्या एका रांगेत. चौरसाच्या ओळी आणि स्तंभ म्हणजे याच २२ मुली. दोन वेगळ्या मुलींच्या घरात त्या दोघींची रांग शोधायची आणि चारच्या किंवा सातच्या छोट्या जोडीतून अंक उचलायचे. कर्णावर प्रत्येकीने स्वतःचंच नाव लिहायचं. २२ मोठा आहे म्हणूनच त्यात चार आणि सात मावले. दहात असं काही मावत नाही.

म. ला ही रचना पार्करच्या ओळीपेक्षा आवडली. मलाही, खरं सांगायचं तर.

२७ नोव्हेंबर
दिवाळीनंतर प्रोग्रॅम सी मध्ये लिहिला. कनूथची 'डान्सिंग लिंक्स' पद्धत वापरली. दहा ओळी, दहा स्तंभ, दहा अंक, अशा तीस अटी, आणि शंभर घरं, प्रत्येक घर तीन अटी भागवतं. दहा घरांत तीसही अटी एकेकदा भागल्या की माळ. सगळ्या माळा काढून झाल्या की तीच पद्धत पुन्हा वापरायची: आता शंभर घरं याच अटी, आणि प्रत्येक माळ दहा घरं भागवते.

आधी माळा, मग माळांची जुळवणी, हे दोन टप्पे पार्करनेच वेगळे केले. १९५० च्या दशकात स्वॅक या कॉम्प्युटरवर जोडीदाराची घरं एकेक भरून बघण्याचा प्रयत्न झाला होता, त्यातून निघालेला अंदाज असा की एकाच चौरसाला अब्जावधी तास लागतील. माळांच्या वाटेने तेच काम त्या काळच्या यंत्रांच्याही आवाक्यात आलं. पार्करला पुढे दहाचा एक चौरस सापडला, त्यात ५५०४ माळा आहेत. मेनहॉट आणि वॉनलेस यांनी २००४ मध्ये त्याचे जोडीदार मोजले: १,२२,६५,१६८. ऑयलरच्या मते शून्य असायला हवे होते.

११ डिसेंबर
काल रात्री लॅबची लाइट गेली. दोन दिवस चाललेला शोध गेला, कारण उत्तरं शेवटी एकदम फाइलमध्ये लिहायची असं मीच सांगितलं होतं. चूक माझी. आता प्रत्येक चौरस झाला की लगेच नोंद होते.

८ जानेवारी २०२५
तिसऱ्या चौरसाचा दिवस. दहाचे तीन चौरस, तिन्ही एकमेकांशी ऑर्थोगोनल, असे असतात का? हा प्रश्न उघडा आहे. नऊ असते तर दहाचं प्रक्षेपी प्रतल (मोजक्या बिंदूंची अशी भूमिती की कोणत्याही दोन बिंदूंतून एकच रेषा जाते आणि कोणत्याही दोन रेषा एकाच बिंदूत भेटतात) मिळालं असतं, पण ते नाही हे लॅम, थील आणि स्विएर्झ यांनी १९८९ मध्ये प्रचंड मोठ्या गणनेने दाखवलं. तीनचं मात्र हो पण नाही, नाही पण नाही.

२००७ मध्ये मॅके, मेनर्ट आणि मिर्व्होल्ड यांनी दोन गोष्टी दाखवल्या. दहाचे चौरस कसेही उचलले तर साधारण ६० टक्क्यांना जोडीदार असतो. आणि अशी तिकडी असलीच तर तिच्या तिन्ही चौरसांत कसलीही सममिती नसेल, म्हणजे ओळी, स्तंभ, अंक यांची कोणतीही अदलाबदल केली तर तो चौरस बदलेल, काहीच न हलवलं तरच तसाच राहील.

मी एवढं सांगून चहाला गेले. परत आले तर क. फळ्यापाशी. "मॅडम, पार्करचा चौरस सात वेळा फिरवला तरी तसाच राहतो. मग तो तिकडीत असूच शकत नाही." अगदी बरोबर. ज्या सममितीने सप्टेंबरात शंभर घरं भरून दिली, तिच्यामुळेच तो चौरस तिकडीतून बाद. हाताने घडवता येतील अशा सगळ्या सुंदर चौरसांची तीच गत. तिकडी असेल तर ती अशा गर्दीत असेल जिथे एकाही चौरसाला ओळखीची खूण नाही.

म. वैतागली: "मग शोधायचं कशाला धरून?" मला उत्तर देता आलं नाही. जगात ज्यांचं आयुष्य यात गेलं त्यांच्याकडेही नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेऊन आल्या आणि प्रोग्रॅम लावून गेल्या. जेकबसन आणि मॅथ्यूज यांच्या १९९६ च्या रीतीने दहाचे चौरस कसेही उचलायचे, जोडीदार शोधायचा, आणि मग त्या जोडीत सामाईक माळ आहे का बघायचं. सामाईक माळ म्हणजे दहा घरं, ज्यांत पहिल्या चौरसाचे दहा अंक वेगळे आणि दुसऱ्याचेही वेगळे. तिसरा चौरस हवा तर अशा दहा माळा, एकमेकींना न शिवणाऱ्या. ब्राउन, हेदायत आणि पार्कर यांनी १९८४ मध्ये चार असलेली जोडी दिली होती.

क. ने अंदाज बांधला. ३६,२८,८०० निवडींतल्या एका निवडीत दहा अंक वेगळे निघण्याची शक्यता साधारण ३६,२८,८०० भागिले १०००,००,००,०००. दोन्ही चौरसांसाठी म्हणून तिचा वर्ग. गुणाकार येतो अर्ध्याच्या जरा खाली. म्हणजे बऱ्याच जोड्यांत एकही सामाईक माळ नसावी. हा अंदाज ढोबळ आहे, दहा अंक स्वतंत्रपणे पडतात असं धरलंय. तरी अपेक्षा कुठे ठेवायची ते कळतं.

३ फेब्रुवारी
सकाळी नोंदवही उघडली. जोडी मिळालेले चौरस पुष्कळ, आणि त्यांच्यापुढे शून्य, शून्य, शून्य. एका जोडीपुढे १. दोघींना फोन केला. म. सायकलवर वीस मिनिटांत आली, क. एस.टी.ने अकराला.

प्रिंट काढून हाताने तपासलं. दहा ओळींतल्या दहा घरांवर म. ने लाल गोल केले. स्तंभ वेगळे. पहिले अंक मी वाचत गेले, क. खुणा करत गेली: दहा. मग दुसरे अंक: दहा. दहा माळांपैकी एक आहे. तो कागद लॅबच्या दारावर लावला आहे, आणि प्रोग्रॅम पुढच्या चौरसावर चालू आहे.